आधी खिडकी, मग एसी

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला ६,५१४ खिडक्या आहेत. १९३१ साली उभी राहिलेली ही इमारत २००९ च्या सुमारास मोठ्या नूतनीकरणाला आली, तेव्हा तिचा वातानुकूलन प्लांट जुना झाला होता आणि तो बदलून वाढवायचा विचार चालू होता. सल्लागारांच्या पथकाने मात्र हिशेब दुसऱ्या टोकाकडून सुरू केला. आधी खिडक्या घेतल्या. जुन्या काचा टाकून दिल्या नाहीत. इमारतीतच तात्पुरती कार्यशाळा थाटली, प्रत्येक खिडकीच्या दोन काचा सुट्या केल्या, मध्ये एक पारदर्शक फिल्म ताणली, पोकळीत निष्क्रिय वायू भरला आणि खिडकी परत जागेवर बसवली. रेडिएटर आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये उष्णता परतवणारे अस्तर लावले. दिव्यांची योजना सुधारली. एवढे झाल्यावर थंडाव्याची गरज सुमारे एक तृतीयांशाने उतरली आणि प्लांट वाढवण्याचे कारणच उरले नाही. पाणी थंड करणारी आहेत तीच यंत्रे, म्हणजे चिलर, दुरुस्त करून भागले.

त्या एका गोष्टीने १.७ कोटी डॉलरहून जास्त भांडवली खर्च टळला. ऊर्जाबचतीच्या कामांचा जादा खर्च १.३२ कोटी डॉलर, वर्षाची अपेक्षित बचत ४४ लाख डॉलर, ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी कमी. पैसे तीन वर्षांत वसूल. खिडक्यांचा खर्च एकटाच मांडून पाहिला असता, तर तो फिटायला इतकी वर्षे लागली असती की प्रस्ताव पहिल्याच बैठकीत बाजूला पडला असता. चिलरचा टळलेला खर्च त्याच कागदावर आला, म्हणून खिडक्या परवडल्या.

ऊर्जा वाचवणारी इमारत महाग पडते, हे आपल्याकडे जवळजवळ गृहीत धरलेले असते. आर्किटेक्टने चांगली काच सुचवली, छतावर इन्सुलेशन सांगितले, की बजेटच्या बैठकीत त्या ओळींवर पहिली काट बसते. कारण त्या ओळी ‘जादा’ म्हणून लिहिलेल्या असतात आणि त्यांच्यामुळे कमी होणारा खर्च दुसऱ्याच कंत्राटात, दुसऱ्याच कन्सल्टंटच्या कागदावर असतो. हे दोन कागद एकत्र आणायचे कसे आणि त्यात वीज कंपनीचा हात कुठे लागतो, ते क्रमाने पाहू.

पुण्यात किंवा ठाण्यात एक छोटे ऑफिस बांधायचे आहे असे समजा. पश्चिमेला रस्ता आहे, म्हणून दर्शनी बाजू तीच, आणि तिथे २० चौरस मीटर काच लावायची आहे. एप्रिलमधल्या दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण ६०० वॉट ऊन पडते. साधी स्वच्छ काच त्यातले ८० टक्के आत सोडते. म्हणजे २० गुणिले ६०० गुणिले ०.८, एकूण ९,६०० वॉट. एक टन एसी म्हणजे सुमारे ३,५०० वॉट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. तेव्हा केवळ या काचेतून येणारे ऊन काढायला पावणेतीन टन हवेत. माणसे, संगणक, छत यांचा हिशेब अजून सुरूही झालेला नाही.

आता काच बदला. कोणती काच किती ऊन आत सोडते याचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात ‘एसएचजीसी’ या नावाने छापलेला असतो. देशाच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत, म्हणजे ईसीबीसीच्या २०१७ च्या आवृत्तीत, आपल्यासारख्या उष्ण हवामानात उत्तर सोडून बाकी दिशांच्या काचेसाठी या आकड्याची मर्यादा ०.२७ आहे. तशी काच घेतली तर आत येणारी उष्णता ३,२४० वॉटवर उतरते, म्हणजे एक टनाच्याही आत. फरक सुमारे १.८ टनाचा. उदाहरणापुरते धरू की ही काच दर चौरस मीटरला १,५०० रुपयांनी महाग आहे आणि एसी बसवायला डक्ट, पाइप, वायरिंग धरून टनाला ६०,००० रुपये पडतात. काचेचा जादा खर्च ३०,००० आणि एसीत वाचलेले १,०८,०००. वीजबिलाचा पहिला रुपया वाचायच्या आधीच ७८,००० रुपये हातात राहिले. दर तुमच्या गावचे घाला, आकडे हलतील. पण हे दोन आकडे एकाच कागदावर मांडल्याशिवाय राहू नका.

खरे तर यापुढे जाता येते. पश्चिमेची काच २० ऐवजी १० चौरस मीटर केली, तर काचेचाही पैसा वाचतो. ईसीबीसीच्या सरळ मार्गाने जायचे तर बाहेरच्या भिंतींच्या क्षेत्रफळात काचेचा वाटा ४० टक्क्यांपेक्षा जास्त असूच शकत नाही, आणि उजेडासाठी तेवढीही बहुतेक वेळा लागत नाही. पूर्ण काचेच्या दर्शनी भिंतीचा जो सोस आपल्या शहरांत दिसतो, त्यापायी आत दिवसभर पडदे ओढून ट्यूब लावलेल्या असतात. मला हे पाहून वाईट वाटते, कारण तो खर्च तीनदा होतो: काचेला, पडद्याला आणि विजेला.

छज्ज्याचे गणित दिशेप्रमाणे बदलते आणि इथे महाराष्ट्राचा अक्षांश आपल्या बाजूने आहे. मे महिन्याच्या मध्यावर मुंबई-पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य त्या दुपारी बरोबर डोक्यावर असतो आणि पुढे जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारी तो किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन तापात दक्षिणेच्या खिडकीवर थेट ऊन फारसे येतच नाही. मार्च-एप्रिलचे आणि ऑक्टोबरचे ऊन अडवायला दोन फुटांचा आडवा छज्जा चांगले काम करतो. पश्चिमेला मात्र सूर्य खाली उतरलेला असतो, तिथे आडवा छज्जा फारसा उपयोगी नाही. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, बाहेरच्या बाजूचे सरकते लूव्हर किंवा सरळ जिने, स्वच्छतागृहे आणि लिफ्ट यांची रांग. ऊन काचेच्या बाहेर अडले पाहिजे. आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा ते खोलीत आलेले असते.

हे सगळे निर्णय पहिल्या नकाशातच घ्यावे लागतात. इमारत कुठल्या दिशेला तोंड करून उभी राहणार, जिना कुठे, खिडकी केवढी, यांना त्या दिवशी पैसे पडत नाहीत. पाया खणल्यावर ते बदलता येत नाहीत. म्हणून भारत-स्वित्झर्लंड सहकार्याच्या ‘बीप’ प्रकल्पात चार दिवसांची एक पद्धत वापरली गेली: आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, एसीचा कन्सल्टंट, इलेक्ट्रिकल कन्सल्टंट आणि मालक यांना एका खोलीत बसवायचे आणि संगणकावर इमारतीचे सिम्युलेशन चालवत पर्याय तिथेच तपासायचे. जयपूरचे ‘अरण्य भवन’, राजस्थानच्या वन खात्याचे मुख्यालय, अशाच बैठकीतून आकाराला आले. एरवी आपल्याकडे आर्किटेक्टचे नकाशे पक्के झाल्यावर एसीवाल्याला बोलावतात. तो नकाशा पाहून दीडशे-दोनशे चौरस फुटांना एक टन या ठोकताळ्याने प्लांट काढतो. काच कुठली, छतावर काय आहे, हे त्या ठोकताळ्यात येतच नाही. मग चांगल्या काचेचे पैसेही जातात आणि प्लांटही मोठाच येतो. अशी इमारत महाग पडली तर दोष काचेचा नसतो.

शिवाय फीचा प्रश्न आहे. कन्सल्टंटची फी कामाच्या किमतीच्या टक्क्यांत ठरली असेल, तर जो प्लांट लहान करण्यासाठी आठ दिवस डोके चालवेल त्याची फी कमी होते. यावर कॅलिफोर्नियाने काढलेला उपाय मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथल्या वीज आणि गॅस कंपन्यांनी मिळून ‘सेव्हिंग्ज बाय डिझाइन’ नावाची योजना अनेक वर्षे चालवली. राज्याच्या इमारत-ऊर्जा संहितेपेक्षा, म्हणजे ‘टायटल २४’ पेक्षा, संपूर्ण इमारत किमान १० टक्के काटकसरी होत असेल, तर मालकाला प्रोत्साहनाची रक्कम मिळे. पण त्याबरोबर डिझाइन करणाऱ्या चमूलाही वेगळी रक्कम मिळे, आणि सिम्युलेशनसाठी तांत्रिक मदत मिळे ती वेगळीच. जिथे निर्णय होतो तिथे पैसा पोचवायचा, असा तो विचार होता.

आता साहजिक प्रश्न येतो. वीज विकणारी कंपनी वीज कमी वापरा म्हणून पैसे का देईल?

एक उत्तर पुन्हा न्यूयॉर्कमध्येच आहे. ब्रुकलिन आणि क्वीन्सच्या एका भागात उन्हाळी संध्याकाळची मागणी इतकी वाढली होती की कॉन एडिसन कंपनीला सुमारे १०० कोटी डॉलरचे नवे सबस्टेशन बांधावे लागणार होते. २०१४ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या नियामक आयोगाने कंपनीला दुसरा मार्ग मंजूर केला: २० कोटी डॉलरपर्यंत खर्च करून त्या भागातली मागणीच उतरवायची. दुकानांचे दिवे, घरांमधली उपकरणे, इमारतींची नियंत्रणे, बॅटऱ्या. सबस्टेशन पुढे ढकलले गेले. वर्षातल्या मोजक्या तासांसाठी लागणारी वीज सर्वांत महाग असते, कारण त्या तासांसाठी उभारलेली वाहिनी, ट्रान्सफॉर्मर आणि वीजकेंद्र उरलेला काळ जवळजवळ बसून असते. आणि दुपार-संध्याकाळची ती मागणी मुख्यतः एसीची असते. पश्चिमेच्या काचेचे ते पावणेतीन टन नेमके त्याच तासांत लागतात.

दुसरे उत्तर नियमांत आहे. कॅलिफोर्नियात १९८२ पासून, मधली काही वर्षे सोडता, वीज कंपनीची मान्य कमाई आणि विकलेली युनिटे यांची थेट गाठ सोडवलेली आहे. युनिटे कमी विकली गेली तरी ठरलेला महसूल पुढच्या दरात भरून निघतो. त्यामुळे बचतीला मदत करताना कंपनीला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा लागत नाही.

महाराष्ट्रात वीज कंपनीच्या अशा मदतीचा पाया २०१० मध्ये घातला गेला. विद्युत नियामक आयोगाने मागणी व्यवस्थापनाची दोन विनियमने काढली: एक अंमलबजावणीच्या चौकटीसाठी आणि दुसरे अशा योजना किफायतशीर आहेत की नाहीत ते तपासण्यासाठी. तपासणी एकाच बाजूने होत नाही. भाग घेणाऱ्या ग्राहकाला काय मिळते, भाग न घेणाऱ्यांच्या दरावर काय परिणाम होतो, आणि सगळ्यांचा मिळून खर्च व लाभ काय, असे वेगवेगळ्या डोळ्यांनी पाहायचे. त्या आधारावर मुंबईत टाटा पॉवरने ग्राहकांनी जुने पंखे, फ्रिज, एसी देऊन पंचतारांकित नवे सवलतीत घेण्याच्या योजना राबवल्या. देशपातळीवर २०१५ ला सुरू झालेल्या ‘उजाला’ने एलईडी दिव्याची खरेदी किंमत ३१० रुपयांवरून ३८ रुपयांपर्यंत उतरवली आणि दिव्यांचे पैसे वीजबिलातून हप्त्याने फेडण्याची सोयही दिली.

ही कामे चांगली झाली. पण या योजना वस्तूंभोवती फिरल्या. दिवा बदला, पंखा बदला, फ्रिज बदला. खिडकी लहान केली, भिंतीत पोकळी ठेवली, म्हणून वीज कंपनीने आर्किटेक्टला पैसे दिले, असे आपल्याकडे अजून रुजलेले नाही. त्यामागे एक अडचण आहे आणि ती मोकळेपणाने मांडली पाहिजे. आपल्याकडे व्यापारी ग्राहकाचा दर सरासरी पुरवठा खर्चापेक्षा जास्त असतो, त्यातून शेती आणि लहान घरगुती ग्राहकांचा भार उचलला जातो. ऑफिसने वीज वाचवली की वितरण कंपनीचा सर्वांत जास्त पैसे देणारा ग्राहक आखडतो. म्हणून युनिटांच्या बचतीपेक्षा संध्याकाळच्या चढत्या मागणीतली बचत हाच कंपनी आणि इमारत या दोघांच्या फायद्याचा मुद्दा आहे. आयोगाकडे जाणारे प्रस्ताव त्या अंगाने मांडले, तर इमारतीच्या आराखड्यालाही प्रोत्साहन मिळवता येईल असे मला ठामपणे वाटते.

तोवर वीज कंपनीची मदत दरपत्रकाच्या रूपाने आधीच हजर आहे. उच्चदाब जोडणीच्या बिलात वीज आकाराखेरीज ‘मागणी आकार’ असतो, तो केव्हीएत मोजलेल्या कमाल मागणीवर लागतो. दिवसाच्या वेळेनुसार दर बदलतात, उन्हाच्या तासांत सवलत आणि संध्याकाळी जादा. ज्या इमारतीत चिलर दुपारी स्वस्त तासांत पाणी थंड करून टाकीत साठवतो आणि संध्याकाळी तेच फिरवतो, तिचा फायदा दोन्हीकडून होतो. आणि प्लांट मुळात लहान असेल, तर मंजूर भार लहान, ट्रान्सफॉर्मर लहान, जनरेटर लहान, केबल बारीक. हे आकडेही त्याच कागदावर मांडायचे.

सरकारी बाजूनेही काही मिळते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ‘गृह’ किंवा आयजीबीसीचे हरित इमारतीचे मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना श्रेणीनुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे बांधता येणारे जादा चटईक्षेत्र, आहे. पुण्यासारख्या शहरात एवढ्या एफएसआयची किंमत काच-इन्सुलेशनच्या खर्चाला बहुधा पुरून उरते. पुणे महापालिका सौरऊर्जा, पर्जन्यजल, गांडूळखत यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते, आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ‘गृह’ मानांकनाला करसवलत आहे.

राहत्या घरांची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त तातडीची. इथे पैसे बिल्डर घालतो आणि बिल रहिवासी भरतो. अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ‘मायवान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काँक्रीटच्या भिंती झपाट्याने उभ्या राहतात, पण दीडशे मिलिमीटरची अशी भिंत २०० मिलिमीटरच्या एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकच्या भिंतीच्या चौपट वेगाने उष्णता आत सोडते. पश्चिमेच्या बेडरूममध्ये रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर ऊब लागते. ताबा मिळाल्यावर रहिवासी दोन एसी लावतो. म्हणून २०१८ ची ‘इको-निवास संहिता’ महत्त्वाची. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी ती एक आकडा पुढे ठेवते: बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून सरासरीने येणारी उष्णता, आरईटीव्ही, दर चौरस मीटरला १५ वॉटपेक्षा जास्त नको. उष्ण-दमट हवामानात, म्हणजे मुंबई-कोकणात, खिडकीचा उघडणारा भाग खोलीच्या चटईक्षेत्राच्या एक षष्ठांश तरी हवा, असेही ती सांगते. सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो, बिजागरीची जवळजवळ पूर्ण उघडते. फ्लॅट बुक करताना ‘आरईटीव्ही किती?’ हा प्रश्न सेल्स ऑफिसमध्ये बिनधास्त विचारावा. उत्तर येत नसेल तर तेही कळले.

छत हे वरच्या मजल्याचे सर्वांत मोठे दुखणे. उघडा स्लॅब आणि इन्सुलेशन केलेला स्लॅब यांतून आत येणाऱ्या उष्णतेत तिपटीचा फरक पडतो. जुन्या सोसायट्यांनी वॉटरप्रूफिंगचे काम निघेल तेव्हाच कोब्याखाली इन्सुलेशनचे बोर्ड घालावेत आणि वर पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझॅक करावे. वेगळे मचाण, वेगळी मजुरी लागत नाही.

यानंतर पंखे. साधा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा पंखा ३० च्या आसपास. पंख्याखाली २६ अंशांवरही आराम वाटतो, आणि एसीचे तापमान एक अंश वर ठेवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. मग एसीची निवड, आणि सौर पॅनेल अगदी शेवटी. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घराला ३ किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये आणि सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. गरज आधी उतरवलेली असेल तर गच्चीवर थोडीच पॅनेल पुरतात आणि उरलेली जागा वाळवणाला, मुलांना राहते.

इमारत चालू झाल्यावर एक काम राहते आणि ते बहुतेक जण विसरतात. पहिली जोडणी घेताना अंदाज सढळ धरलेला असतो. करार मागणी, म्हणजे कंपनीशी ठरवलेली कमाल मागणी, मोठी असते आणि वापर कितीही कमी झाला तरी तिच्या ठरावीक टक्क्यांवर मागणी आकार लागतच राहतो. म्हणून पहिल्या वर्षाची बारा बिले समोर ठेवा, प्रत्येकावरची नोंदलेली कमाल मागणी एका रांगेत लिहा, त्यातली बहुधा मे महिन्याची सर्वांत मोठी असेल. सर्वांत मोठ्या आकड्यावर थोडा वाव ठेवून करार मागणी कमी करण्याचा अर्ज वितरण कंपनीकडे द्या. चांगल्या काचेचा आणि छज्ज्यांचा उरलेला फायदा त्या अर्जानंतरच्या बिलापासून दिसू लागतो.